अंडी घालणारे सस्तन प्राणी कोणते? आपल्याकडची सायाळ त्यात येते का?

नाही, सायाळ थेट पिल्लंच देते. आमच्या यवतमाळकडे कपाशीच्या धुऱ्यावर तिचे काटे सापडतात, त्यामुळे एकिडना या अंडी घालणाऱ्या काटेरी प्राण्याचं चित्र पाहून शाळेतली पोरं 'सायाळ' म्हणतात. पण दोघांचं जवळचं नातं नाही.

अंडी घालणारे सस्तन प्राणी फक्त ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत आहेत: बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपस आणि एकिडनाच्या 4 जाती. अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. एकिडनाची मादी एकच अंडं पोटावरच्या पिशवीत ठेवते. साधारण 10 दिवसांत पिल्लू बाहेर येतं. मला खरं नवल वाटतं ते दुधाचं. आईला स्तनाग्रं नसतात, दूध कातडीतून पाझरतं आणि पिल्लू ते तिथंच चाटतं. नर प्लॅटिपसच्या मागच्या पायांना विषारी काटाही असतो.