तिकिटावरची भोकं: किडीची नव्हेत, कंपनीची!

प्रश्न: आजोबांच्या अल्बममधे राणी व्हिक्टोरियाची काही ब्रिटिश तिकिटं आहेत, मधोमध बारीक भोकं पाडलीयेत, उजेडात धरलं की अक्षरं दिसतात. तिकिटं खराब झाली का? किंमत काही येईल का?

उत्तर: अहो खराब कसली, याला परफिन म्हणतात! ऑफिसातली तिकिटं नोकरमंडळी खिशात घालायची, बाहेर वापरायची नाहीतर विकायची, म्हणून कंपन्या त्यावर स्वतःची अक्षरं टोचून घ्यायला लागल्या. लंडनच्या जोसेफ स्लोपरच्या मशीनने हे सुरू झालं, ब्रिटिश पोस्टाने 1868 मधे परवानगी दिली.

ओळखायचं कसं, तर तिकीट काळ्या कागदावर उलटं ठेवा, म्हणजे छपाई मधे येत नाही आणि भोकं स्पष्ट दिसतात, फक्त अक्षरं आरशातल्यासारखी उलटी वाचावी लागतील. मग प्रत्येक अक्षराची उंची मोजा आणि भोकं मोजा, कारण तीच अक्षरं दोन-तीन कंपन्यांची असू शकतात आणि फरक एखाद्या भोकाचाच असतो. मग परफिनच्या कॅटलॉगशी ताडून बघा.

किमतीचं म्हणाल तर फार आशा नको, बहुतेक परफिन स्वस्तच जातात, आणि मुळात महागडं तिकीट असेल तर भोकांमुळे भाव उलट पडतो. दुर्मिळ डिझाइनची गोष्ट वेगळी, पण तिथे नंतर टोचलेला नकली मालही फिरतो, जपून.

आणि हो, एखादं तिकीट अजून पाकिटावर असेल तर प्लीज पाण्यात भिजवून काढू नका, पाकिटावर कंपनीचं नाव छापलेलं असलं तर अक्षरं कुणाची याचा पुरावा तोच, खरी मजा तिथेच आहे.