कीडाजडीची डबी

प्रश्न : काका, माझे वडील ६७ वर्षांचे. गिरणीत सूतखात्यात होते, विडीही ओढायचे. मार्चमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तपासणीत ईजीएफआर जनुकात बदल आढळला, म्हणून रोज एक गेफिटिनिबची गोळी चालू आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरीनही आहे. आता भाऊजींनी अळंबीच्या कॅप्सूलची डबी आणलीय, दोन हजार आठशेची. वर कीडाजडी आणि रेशी लिहिलंय. विकणारा म्हणाला, जपानमध्ये हॉस्पिटलात हेच देतात. बाबा म्हणतात, घेऊन बघू, डॉक्टरांना सांगू नकोस, ओरडतील. काय करू? आणि घरात मश्रूमची भाजीही बंद करायची का?
— एक वाचक, चिंचपोकळी

उत्तर : ताई, डबी उघडू नका. फेकूही नका. पुढच्या तारखेला फाइलबरोबर पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. ओरडले तर ओरडू देत. परळला केमिस्टच्या काउंटरमागे माझी एकतीस वर्षं गेली, टाटाच्या चिठ्ठ्या रोज हातात यायच्या. लपवून घेतलेल्या चूर्णापायी डोकं धरून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. डबी दाखवली म्हणून कुणाचं काही बिघडलेलं पाहिलं नाही.

विकणाऱ्याचं बोलणं धादांत खोटं नाही, म्हणून तर पटतं. शिताके नावाच्या अळंबीतून १९६९ मध्ये जपानच्या गोरो चिहारांनी लेंटिनन वेगळं काढलं. ही साखरेच्या कणांची लांबलचक साखळी. ती कॅन्सरच्या गाठीवर थेट तुटून पडत नाही, शरीराच्या पहारेकरी पेशींना जागं करते. १९८५ मध्ये जपानने तिला परवानगी दिली ती जठराच्या कॅन्सरसाठी, केमोच्या जोडीला. आणि शिरेतून द्यायला, कारण एवढा अवजड रेणू आतड्यातून रक्तात नीट उतरतच नाही. क्रेस्टिन हे दुसरं औषध तोंडावाटे घ्यायचं होतं. त्याला १९७७ मध्ये परवानगी मिळाली, किरणोपचारानंतर फुप्फुसाच्या रुग्णांनाही ते देऊन पाहिलं गेलं. पण मूळ उपचारांच्या जागी नव्हे, त्यांच्या सोबतीला. तुमच्या डबीवर या दोन्हींपैकी एकाचंही नाव नाही.

आता कीडाजडी. या जातकुळीतल्या कॉर्डिसेप्स मिलिटारिस या बुरशीतून १९५० मध्ये कॉर्डिसेपिन मिळालं. मला या रेणूचं फार कौतुक आहे. आपल्या पेशीतल्या अ‍ॅडेनोसिनसारखाच तो दिसतो, फक्त एक ऑक्सिजन कमी. पेशी फसते, आरएनएची माळ ओवताना हाच मणी घेते, आणि त्याला पुढचा मणी अडकवायला कडीच नसल्याने माळ तिथंच थांबते. काचेच्या बशीत वाढवलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सर पेशी यानं मरतात. मग अडलं कुठे? आपल्या रक्तातलं एक विकर त्याला काही मिनिटांत मोडून टाकतं. म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि नुकाना कंपनीने त्याला रासायनिक चिलखत चढवून एनयूसी-७७३८ तयार केलं, आणि ते रुग्णांवर तपासणं सुरू केलं. कॅप्सूलमधल्या भुकटीला ते चिलखत कोण चढवणार? शिवाय डबीवर अळीतून उगवलेल्या ज्या बुरशीचं चित्र असतं ती पिठोरागडकडची कीडाजडी, वेगळी जात. तिच्यात कॉर्डिसेपिन जवळपास नसतंच.

फुप्फुसाच्या कॅन्सरपर्यंत बुरशीचं घराणं खरोखर पोचलं ते प्लिनाब्युलिनच्या रूपानं. अ‍ॅस्परजिलस बुरशीत सापडलेल्या एका रेणूवरून ते प्रयोगशाळेत घडवलं. ५५९ रुग्णांच्या चाचणीत डोसेटॅक्सेल या केमोसोबत ते दिलं, तेव्हा मध्यम आयुर्मान ९.४ महिन्यांवरून १०.५ महिन्यांवर गेलं. सव्वा महिनाही नाही. ताई, मी हे हिणवायला सांगत नाही. औषधशास्त्रात एवढंसं मिळवायलाही घाम गाळावा लागतो. आणि ते रुग्ण ईजीएफआरमध्ये बदल नसलेले होते, म्हणजे बाबांच्या गटातले नव्हेत. गंमत बघा, याच अ‍ॅस्परजिलसच्या कुळातली बुरशी केमोनं प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या फुप्फुसात घर करते, तेव्हा जिवावर बेततं.

मला काळजी आहे ती रेशीची. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ती मुख्य उपचार म्हणून वापरावी इतका पुरावा सापडला नाही. पण काळजी त्याची नाही. रेशीनं रक्त गोठणं मंदावू शकतं, आणि बाबा वॉरफेरीनवर आहेत. त्यात गेफिटिनिबनं वॉरफेरीनचा जोर आधीच वाढू शकतो, त्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, वेळेवर करायची असते. रेशीच्या चूर्णानं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गेफिटिनिबचा निचरा यकृतच करतं, आणि त्या गोळीनंही यकृताची विकरं वाढू शकतात. माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचं असंच झालं. रिपोर्ट बिघडला, डॉक्टरांचा संशय साहजिकच गोळीवर, गोळी थांबवली. महिनाभरानं बायकोनं काउंटरवर हळूच सांगितलं, 'हे एक चूर्ण घेतायत.' लागू पडलेली गोळी चूर्णापायी महिनाभर बंद होती. मी त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे पाठवलं.

बाबांना समजवायचं तर जपानवरून वाद घालू नका. एवढंच विचारा : रिपोर्ट बिघडला तर कशानं बिघडला ते डॉक्टरांना कसं कळणार? भाऊजींना दुखवू नका, त्यांनी मायेनं आणलीय. पैसे परत मिळतात का ते मात्र त्यांनाच बघू देत.

भाजी बंद करायचं कारण नाही. बाजारातली बटण किंवा धिंगरी आणा, पूर्ण शिजवा. शिताके कच्ची राहिली तर काहींच्या अंगावर चाबूक ओढल्यासारखे वळ उठतात, आणि त्याचं खापर ज्याच्यावर फोडतात ते आपलं वर आलेलं लेंटिननच. पावसाळ्यात दारोदार येणारी रानातली अळंबी यंदा नको, विकणारी बाई कितीही ओळखीची असली तरी. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावा, तिखट बेताचं. गेफिटिनिबनं जुलाब होतात. तसा दिवस असेल तर मऊ वरणभात द्या, आणि मश्रूम तुम्ही खा.