सौरज्वालांमागची चुंबकीय पुनर्जोडणी प्रयोगशाळेत अभ्यासता येते का?

कोल्हापुरात एम.एस्सी. करणाऱ्या प्रश्नकर्त्याला शंका आहे की, सूर्यावरची एवढी प्रचंड घटना खोलीएवढ्या यंत्रात कशी मावणार. ती मावते, कारण पुनर्जोडणीत विरुद्ध दिशांच्या चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात ते क्षेत्र विद्युतप्रवाहाच्या पातळ पापुद्र्यापुरतेच असते आणि तसा पापुद्रा निर्वात पात्रात मुद्दाम घडवता येतो.

अमेरिकेत प्रिन्स्टन येथे १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'एमआरएक्स' (मॅग्नेटिक रीकनेक्शन एक्सपेरिमेंट) प्रयोगात दोन कड्यांच्या आतील तारेच्या वेटोळ्यांचा प्रवाह झपाट्याने बदलून बलरेषांना मधोमध जुळायला भाग पाडतात. पात्रातील प्लाझ्माचे, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन (विद्युतभारित अणू) सुटे झालेल्या वायूचे, तापमान सुमारे एक लाख अंश असले, तरी तो अतिशय विरळ असतो आणि मिलिसेकंदाहूनही कमी काळ टिकतो. त्यामुळे बारीक तारेची इवलीशी वेटोळी थेट त्याच्या आत ठेवून, त्यांत निर्माण होणाऱ्या विद्युतदाबावरून चुंबकीय क्षेत्राचा नकाशा काढता येतो. तीच घटना हवी तितक्या वेळा पुन्हा घडवता येणे, हे मला या पद्धतीचे खरे बळ वाटते, कारण उपग्रहाला ती संधी मिळत नाही.

पुनर्जोडणीचा वेग सांगणाऱ्या जुन्या स्वीट-पार्कर सिद्धांतानुसार सौरज्वालेला महिने लागायला हवेत; प्रत्यक्षात ती काही मिनिटांत भडकते. पापुद्रा पुरेसा पातळ झाला की आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या वाटा वेगळ्या होतात व पुनर्जोडणी वेग घेते, याची खूण असलेले चौपाकळी (आलटूनपालटून उलट दिशांच्या चार भागांचे) चुंबकीय क्षेत्र या यंत्रात प्रत्यक्ष मोजले गेले. २०१४ च्या मोजमापांनुसार आत येणाऱ्या चुंबकीय ऊर्जेपैकी जवळपास निम्मी कणांना मिळते आणि तिचा सुमारे दोन तृतीयांश वाटा आयनांकडे जातो.