उबुंटू बीटावर पॅकेजेस ‘केप्ट बॅक’ दाखवतात आणि ‘पार्शियल अपग्रेड’ विचारतात, पुन्हा इन्स्टॉल करू का?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यापूर्वी उबुंटूची बीटा आवृत्ती लॅपटॉपवर टाकली, दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. आता सॉफ्टवेअर अपडेटर उघडला की तो ‘पार्शियल अपग्रेड’ करू का विचारतो. टर्मिनलमध्ये ‘ॲप्ट अपग्रेड’ दिलं (ॲप्ट म्हणजे उबुंटूत सॉफ्टवेअरची पॅकेजेस आणणारं-काढणारं साधन) तर चाळीसेक पॅकेजेस ‘केप्ट बॅक’ येतात, आणि ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ दिलं तर तो उबुंटू-डेस्कटॉपच काढायला निघतो.

पुन्हा इन्स्टॉल करू नका. आत्ता ‘पार्शियल अपग्रेड’वरही क्लिक करू नका. तुमची सिस्टीम अजून शाबूत आहे. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने द्या.)

‘केप्ट बॅक’ हा एरर नाही. ‘ॲप्ट अपग्रेड’ गरज पडली तर नवीन पॅकेज आणतो, पण असलेलं एकही काढत नाही. एखादं पॅकेज पुढे न्यायला दुसरं काढावं लागणार असं दिसलं, की तो ते आहे तिथेच ठेवतो. ‘फुल-अपग्रेड’ला मात्र काढायची मुभा असते, आणि ‘पार्शियल अपग्रेड’च्या बटणामागे तीच मुभा आहे. स्थिर आवृत्तीत अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतात म्हणूनही पॅकेजेस थांबलेली दिसतात. बीटावर कारण बहुतेक वेळा एकच असतं: एक लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो सामायिक कोड) पुढे गेलेली असते आणि तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस अजून नव्याने बांधून झालेली नसतात.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. मार्च २०२४ मध्ये मी २४.०४ ची विकसनातली आवृत्ती वापरत होतो. त्या दिवसांत डेबियन (ज्यावर उबुंटू बेतलेलं आहे ते) आणि उबुंटू दोन्हीकडे २०३८ च्या अडचणीवरचं मोठं काम चालू होतं. ३२ बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला संपतं, म्हणून वेळ ६४ बिटांत न्यायची होती. त्यासाठी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजांची नावं बदलली, शेवटी ‘टी६४’ लागलं. ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. खरा बदल ३२ बिटांच्या एआरएमसारख्या आर्किटेक्चरसाठी होता, पण पॅकेजांची नावं सगळीकडे सारखी ठेवायची म्हणून आपल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या लॅपटॉपवरही ती बदलली. जुनं आणि नवं शेजारी शेजारी राहू शकत नव्हतं. म्हणजे ॲप्टपुढे दोनच वाटा: थांबा, नाहीतर जुन्यावर उभं असलेलं सगळं काढा. मी फुल-अपग्रेड दिलं, लांबलचक यादी आली, मी ती न वाचता ‘वाय’ दाबलं. रीबूटनंतर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. ग्नोम, म्हणजे डेस्कटॉपच, गेलं होतं, नेटवर्कमॅनेजर गेला होता, म्हणजे वायफायही नाही. केबल लावून, हाताने नेटवर्क उभं करून सगळं परत आणण्यात अख्खी संध्याकाळ गेली. चार दिवस थांबलो असतो तर यातलं काही करावंच लागलं नसतं.

म्हणून आधी सिम्युलेशन करा: ‘ॲप्ट-गेट -एस डिस्ट-अपग्रेड’ (‘फुल-अपग्रेड’लाच ॲप्ट-गेटमध्ये ‘डिस्ट-अपग्रेड’ म्हणतात). यात प्रत्यक्षात काहीच बदलत नाही, सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकारही लागत नाही. आउटपुटमध्ये ‘रिमूव्ह’च्या ओळी असतील त्या एकेक वाचा. एकटं उबुंटू-डेस्कटॉप दिसलं तर फार घाबरायचं कारण नाही, ते मेटापॅकेज आहे, म्हणजे इतर पॅकेजेसची नुसती यादी, त्याच्या आत स्वतःचं असं फारसं काही नसतं. पण ग्नोम-शेल, जीडीएम३ (लॉगिनचा पडदा), नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी या सिस्टीम सुरू करणाऱ्या भागाचं काही त्या यादीत असेल, तर तिथेच थांबा. नुसतीच जुन्या नावाची लायब्ररी जाऊन तिच्या जागी नव्या नावाची येत असेल, तर खुशाल पुढे जा.

यादी धोक्याची वाटली तर दोन-तीन दिवस नुसतं ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ करत राहा. रोज थोडी थोडी पॅकेजेस सुटत जातील. आणि हो, बीटा वेळोवेळी अपडेट करत राहिलात की तीच पुढे अंतिम आवृत्ती होते, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही.

तरीही सुटलं नाही तर सोर्सेस, म्हणजे पॅकेजेस कुठून येतात ती ठिकाणं, बघा. माझा पहिला संशय ‘प्रपोज्ड’वर असतो. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये डेव्हलपर पर्यायांत ते चालू असेल तर बंद करा. नवं पॅकेज आधी तिथे येतं, स्वयंचलित चाचण्या पास झाल्या की मगच मुख्य भांडारात जातं. ते चालू ठेवणं म्हणजे चाचणी न झालेला माल घरात घेणं. पीपीए (उबुंटूबाहेरच्यांनी चालवलेली पॅकेजांची भांडारं) लावले असतील तर तेही तात्पुरते बंद ठेवा, नव्या आवृत्तीसाठी त्यांत बऱ्याचदा पॅकेजेसच नसतात आणि ‘रिलीज फाइल नाही’ असा एरर येतो. एखादं अडकलेलं पॅकेज कुठून येतंय ते ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे त्याचं नाव दिलं की कळतं.

‘फाइलचा आकार अपेक्षित नाही, मिरर सिंक चालू आहे का?’ असा मेसेज आला तर दोष तुमच्याकडे नाही. इन्स्टॉल करताना ठिकाण भारत निवडलं की भारतातला मिरर, म्हणजे मुख्य सर्व्हरची प्रत, लागतो, आणि तो मुख्य सर्व्हरवरून माल घेत असतानाच तुम्ही मागायला गेलात. तासाभराने पुन्हा करा, किंवा मुख्य सर्व्हर निवडा.

‘लॉक मिळत नाही’ असं आलं तर लॉकची फाइल कृपा करून उडवू नका. हा सल्ला जागोजागी दिसतो आणि त्यानेच डेटाबेस अर्धवट राहतात. मेसेजमध्येच प्रोसेसचं नाव असतं, बहुधा अनअटेंडेड-अपग्रेड्स, म्हणजे मागे आपोआप चालणारं अपडेट. त्याला पूर्ण होऊ द्या. अपग्रेड मधेच तुटलं असेल, वीज गेली असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, याच क्रमाने. दुसऱ्यातही काढायची यादी येऊ शकते, तीही वाचा.

काय झालं हे शोधायला ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्ट्री.लॉग’ उघडा. कोणत्या वेळी कोणती आज्ञा दिली, काय आलं, काय गेलं, सगळं तिथे ओळीने असतं. माझी गेलेली पॅकेजेस मी तिथूनच गोळा केली. नव्या कर्नलने बूट होत नसेल तर ग्रबमध्ये (बूट होताना येणारा मेनू) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना निवडा, आणि आत आल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१ -पी ईआरआर’ने (शेवटचा शब्द तीनच अक्षरी) आधीच्या बूटमधले एरर वाचा. मोठ्या अपग्रेडआधी टाइमशिफ्ट या बॅकअपच्या साधनाने सिस्टीमचा स्नॅपशॉट घेत जा, पण तो होम फोल्डर आपणहून धरत नाही, तुमच्या फाइल्सचा बॅकअप वेगळा हवा.

एक विनंती. पॅकेज खरंच बिघडलेलं सापडलं तर ‘उबुंटू-बग’ आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन कळवा. किरकोळ वाटलं तरी कळवा. २०२४ मध्येच आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना डेबियनच्या अस्थिर शाखेवर एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायचं साधन) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. ते मागे लागले, आणि एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ मध्ये लपवलेला बॅकडोर (चोरवाट) २९ मार्चला उघड झाला. उबुंटूने संशयित काळात बांधलेली पॅकेजेस काढून पुन्हा बांधली, आणि ४ एप्रिलचा बीटा ११ एप्रिलवर गेला.

तीन-चार दिवसांनीही तीच पॅकेजेस अडकलेली असतील तर सिम्युलेशनमधल्या ‘रिमूव्ह’च्या ओळी जशाच्या तशा इथे टाका, मी बघतो. तोवर ‘वाय’ दाबू नका.