'गुरांची डॉक्टर' म्हणायला लाज कसली?

प्रश्न (पत्राचा सारांश) : मुलीने दोनदा नीट दिली, एमबीबीएस हुकलं. पशुवैद्यकीयला प्रवेश मिळतोय. सोसायटीतली तीन कुत्री एका रात्रीत मेली, तेव्हापासून 'विषबाधेचा तपास करणार' हेच तिच्या डोक्यात आहे. त्या वेळी कुत्र्याची ओकारी डब्यात भरून तिने घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली! तिसऱ्यांदा नीट द्यायला तिला समजवा. नाहीतर फॉरेन्सिकची बीएस्सी चालेल का? 'गुरांची डॉक्टर' अशी ओळख करून देणं जिवावर येतं. – एक वडील, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रात गुणांचा विषय दोन ओळींत संपतो आणि नातेवाईक काय म्हणतील याला अख्खं पान जातं. मला घोर लागला तो त्या पानाचा. दोन वर्षं पोर तेच धडे घोकतेय आणि निकालाच्या दिवशी आधी तुमचा चेहरा बघतेय. आता मनासारखी जागा समोर असताना ती सोडायची, तीही लग्नकार्यात तुम्हाला अवघडायला होऊ नये म्हणून? हे मी तिला समजावणार नाही.

ओकारीची तुम्ही तक्रार केलीत, मला मात्र मुलीचं कौतुक वाटलं. (अन्नाजवळ ठेवू नको, एवढं तिला सांगा.) उंदीर मारायच्या औषधातलं झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात मिसळलं की फॉस्फीन वायू तयार होतो. नमुना लगेच हवाबंद करून गोठवला नाही तर वायू उडून जातो, पुरावाही त्याच्याबरोबर जातो. शवविच्छेदन करणाऱ्यालाही हा वायू घातक असतो.

फॉरेन्सिकच्या बीएस्सीने हेच काम करता येईल, हा तुमचा गैरसमज आहे. त्या पदवीने ती प्रयोगशाळेत पोचेल. कुत्र्याचं शवविच्छेदन करून मृत्यूच्या कारणाबद्दल अभिप्राय द्यायचा तो पशुवैद्यकाने, आणि तपास तिथेच तरतो किंवा बुडतो. तोंडाला फेस दिसला की लोक विष म्हणून मोकळे होतात. उष्माघातातही फेस येऊ शकतो. ब्रोमाडिओलोन हे उंदरांचं दुसरं औषध खाल्लेला कुत्रा काही दिवसांनी रक्तस्रावाने मरतो, तोवर पोटात काही उरलेलं नसतं, म्हणून यकृत पाठवावं लागतं. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाचा संशय असेल तर मेंदूचा नमुनाही घ्यायचा. सगळा व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणात बुडवला तर रासायनिक तपासणीवर पाणी पडलं. काय शोधायचं हे कळवलं नाही तर प्रयोगशाळा नेहमीच्या यादीपुरतं बघते, आणि 'विष आढळले नाही' असा कागद हातात येतो.

मार्ग सरळ आहे : साडेपाच वर्षांची बी.व्ही.एस्सी., पुढे विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) किंवा औषध व विषशास्त्रात एम.व्ही.एस्सी. तुमच्याच जिल्ह्यात शिरवळला महाविद्यालय आहे. फक्त याच कामाची पदं आपल्याकडे जवळजवळ नाहीत, हे तिने आधीच ऐकून ठेवावं. पशुधन विकास अधिकारी (सरकारी पशुवैद्यक) आणि प्राध्यापक इतर कामं सांभाळून हे करतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालून मारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण खटला उभा राहतो तो अशा माणसांच्या नोंदींवर आणि सीलबंद बाटल्यांवर.

तिलाही एक विचारा. सगळी गल्ली एका माणसाकडे बोट दाखवत असताना 'विष नव्हे, हा पार्व्हो विषाणूचा आजार होता' असं लिहून सही करायची तिची तयारी आहे का? हो म्हणाली, तर मुदत संपायच्या आत प्रवेशाचे पैसे भरा.