वाचकांचे प्रश्न : खगोलशास्त्रज्ञ व्हायचंय, पुस्तकंही लिहायचीत

खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानलेखक डॉ. जयंत नारळीकर यांचं २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. त्यांच्या कामाविषयी आणि त्या वाटेने जाण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

मुलगी अकरावी सायन्सला आहे. नारळीकरांसारखं संशोधन करायचं आणि पुस्तकं लिहायची म्हणते. कोणता कोर्स घ्यावा? – एक पालक, सातारा

'खगोलशास्त्र' असं नाव असलेली पदवी बारावीनंतर शोधत बसू नका. पाया भौतिकशास्त्राचा आणि गणिताचाच लागतो. नारळीकर गणिताच्याच वाटेने आले. १९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठातून बी.एस्सी., मग केंब्रिजची ट्रायपॉस ही गणिताची पदवी परीक्षा, तीत १९५९ साली सीनियर रँग्लर म्हणजे पहिला क्रमांक, आणि १९६३ साली खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.

आज दोन वाटा सरळ आहेत. एक, बारावीनंतर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचा बीएस-एमएस. दुसरी, जवळच्या चांगल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. आणि 'जॅम' परीक्षेतून एम.एस्सी. दुसरी वाट कमी दर्जाची समजू नका. फक्त तिथे गणित स्वतःच्या हिमतीवर वाढवावं लागतं. एम.एस्सी.नंतर जेस्ट, नेट, गेट किंवा त्या-त्या संस्थेची स्वतःची परीक्षा, मुलाखत आणि पीएच.डी.ची साधारण पाच वर्षं. पहिलं वर्ष बहुतेक वर्गातल्या अभ्यासक्रमात जातं. त्यानंतर दोन-तीन वर्षांची एक किंवा दोन पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नेमणुका. कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी उलटून गेलेली असते, हे घरच्यांनी आजच मनाशी धरावं. परीक्षांचे नियम बदलतात, म्हणून दरवर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

मुलं अडतात ती दुर्बिणीपाशी नाही, गणितापाशी. आकाशाच्या ओढीने आलेला विद्यार्थी अवकल समीकरणं (बदलाच्या दराची समीकरणं) आणि मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकटीतले तक्ते) समोर आली की गळून जातो. एस.वाय.ला पोचेपर्यंत या दोन गोष्टी, मोजमापातल्या त्रुटींचं गणित आणि पायथनमध्ये साधा आलेख काढणं एवढं हातात बसलेलं हवं.

लोकांसाठी लिहिणाऱ्याला संशोधक मंडळी गंभीरपणे घेत नाहीत, हे खरं का? – पीएच.डी.चा विद्यार्थी, पुणे

निवड समिती शोधनिबंध पाहते, वर्तमानपत्रातले लेख नाही. ही भीती खोटी नाही. नारळीकरांचा क्रम म्हणूनच पाहण्यासारखा आहे. गुरुत्वाकर्षणाचा हॉईल-नारळीकर सिद्धांत १९६४ चा, पद्मभूषण १९६५ चं, केंब्रिजचं अ‍ॅडम्स पारितोषिक १९६७ चं. १९७२ साली ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. सामान्य वाचकांसाठीचं त्यांचं विश्वाच्या रचनेवरचं इंग्रजी पुस्तक १९७७ चं, म्हणजे पीएच.डी.नंतर चौदा वर्षांनी. मराठी विज्ञानकथेतही त्यांनी नावाचा आधार घेतला नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यानंतर १९८८ ते २००३ आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेचं संचालकपद सांभाळतानाही त्यांचं लेखन चालू राहिलं. तुम्ही सध्या महिन्याला आठशे शब्दांचा एकच लेख लिहा, तोही स्वतःच्या विषयावर. पुस्तकाचा करार मात्र प्रबंध सादर केल्यावरच. अर्धा प्रबंध आणि अर्धं पुस्तक एकाच टेबलावर पडलं की आधी प्रबंध मागे पडतो, कारण पुस्तकाला कौतुक लगेच मिळतं.

त्यांचा स्थिर-स्थिती विश्वाचा सिद्धांत मागे पडला ना? मग मुलांना त्यांची पुस्तकं द्यावीत का? – शिक्षिका, सांगली

जरूर द्या. विश्वाला सुरुवात नाही, ते कायम सारखंच असतं, असं स्थिर-स्थिती सिद्धांत सांगतो; विश्व महास्फोटातून सुरू झालं, असं त्याविरुद्धचं मत. १९६५ साली पार्श्वभूमी सूक्ष्मलहरी, म्हणजे आकाशाच्या सर्व दिशांनी येणारं मंद प्रारण, सापडल्या, आणि महास्फोटाच्या बाजूचा तो फार मोठा पुरावा ठरला. नारळीकरांनी हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली सुधारित, अर्ध-स्थिर स्थितीचं प्रारूप मांडलं. बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञांनी तेही स्वीकारलेलं नाही. मुलांना हे तसंच सांगा. ग्रह, तारे, गुरुत्वाकर्षण, कृष्णविवरं यांवरच्या त्यांच्या प्रकरणांना या वादाने धक्का लागत नाही. विश्वाच्या उत्पत्तीचं प्रकरण वाचताना शेजारी अलीकडचं एखादं पुस्तक ठेवा. दोन पुस्तकं एकमेकांशी सहमत नाहीत हे नववीच्या मुलाला कळणं, हा विज्ञानाचा उत्तम धडा आहे.

मराठीत खगोलावर लिहिताना नेमकं काय चुकतं? – नवोदित लेखक, रत्नागिरी

सर्वात जास्त चुका आकड्यांत होतात. इंग्रजी बातमीतला मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. विश्वाचं वय १३.८ बिलियन वर्षं, म्हणजे १३८० कोटी. इथे एक शून्य घसरलं की पुढचा सगळा लेख वाया जातो. म्हणून लिहायच्या आधी वेगळ्या कागदावर गणित स्वतः करा. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, वर्षाचे सेकंद सुमारे ३ कोटी १५ लाख. गुणाकार केला की एक प्रकाशवर्ष साडेनऊ लाख कोटी किलोमीटरच्या जवळपास येतं. हे अंतर आहे, काळ नव्हे. 'प्रकाशवर्षांपूर्वी' असं छापलेलं आजही दिसतं.

वाचकालाही एखादं गणित करू द्या. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. भागिले तीन लाख, पाचशे सेकंद, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. एवढं स्वतः केलेला वाचक देवयानी दीर्घिकेच्या (दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह) पंचवीस लाख प्रकाशवर्षांना बिचकत नाही, कारण आपल्याला दिसतो तो प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे हे त्याचं त्यालाच उमगतं.

दुसरी अडचण दृष्टान्तांची. प्रसरणाऱ्या विश्वासाठी फुगा सगळेच वापरतात. त्यावर पेनाने ठिपके काढले तर फुगवताना ठिपकेही मोठे होतात. दीर्घिका तशा फुगत नाहीत, त्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना बांधून ठेवतं. म्हणून ठिपक्यांऐवजी टिकल्या चिकटवायला सांगा. शिवाय विश्व म्हणजे फक्त रबराचा पृष्ठभाग, फुग्याच्या आतली हवा आणि मधला बिंदू दृष्टान्तात धरायचा नाही, हेही त्याच परिच्छेदात लिहा. नाहीतर 'विश्वाचं केंद्र कुठे?' हा प्रश्न तुम्हीच वाचकाच्या डोक्यात घातलेला असतो.

तीन-चारशे शब्दांत एकच नवी कल्पना आणावी. मसुदा आधी नववीच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे थांबेल तिथे वाक्य मोडा. मग विषयाच्या जाणकाराला दाखवा. हा क्रम उलटा केला तर जाणकाराने सुचवलेल्या दुरुस्त्यांनी लेख पुन्हा जड होतो. आणि छापायच्या आठवड्यात आकडे पुन्हा तपासा. शनीच्या चंद्रांत मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ ची भर पडून ते २७४ झाले. त्याआधीची सगळी कोष्टकं जुनी झाली.

फलज्योतिषाची त्यांनी घेतलेली चाचणी कशी होती? घरात यावरून वाद आहे. – वाचक, नाशिक

२००८ साली महाराष्ट्रात झालेल्या या चाचणीत नारळीकरांबरोबर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे होते. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन दोनशे कुंडल्या संगणकावर तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस मिळाल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं होतं. सत्तावीस जणांनी उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर.

वादात उपयोगी पडेल तो भाग पुढचा आहे. नाणं उडवून उत्तर दिलं तरी चाळीसपैकी वीस बरोबर येतात, आणि तीनएक इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. सत्तावीस माणसं नाणं उडवत बसली तर एखाद्याची पंचवीस-सव्वीसही बरोबर येतील. म्हणून 'अमक्याची इतकी बरोबर आली' हा पुरावा होत नाही, सगळ्यांची बेरीज पाहावी लागते. तुम्हाला स्वतः अशी चाचणी घ्यायची असेल तर यशाचा आकडा आधी ठरवून, लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. कुंडल्यांवर फक्त क्रमांक घाला, आणि गटांची यादी त्या वाटणाऱ्या माणसालाही दाखवू नका. त्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर फुटतं.

शाळेच्या मुलांना हे सारं कुठे पाहता येईल? – मुख्याध्यापक, जुन्नर तालुका

तुमच्या जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या सुमारास तिथे आणि पुण्यात आयुकात सर्वांना प्रवेश असतो. तारखा आधी विचारून घ्या. रेडिओ दुर्बिणीजवळ मोबाइलच्या लहरी निरीक्षणात घुसतात, म्हणून तिथे फोन बंद ठेवावे लागतात. प्रत्येक मुलाने एकेक प्रश्न वहीत लिहून न्यावा. नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही येईल.