सोळावी चौकट

प्रश्न : ताई, मुलगी चौथीत आहे. शाळेने चार पिढ्यांचा वंशवृक्ष फोटोंसकट सोमवारपर्यंत मागितलाय. आमचं गाव पाटण तालुक्यात; सासरे माथाडी होते, म्हणून कोपरखैरण्यात आलो. जुने फोटो नाहीत, सासूबाईंना स्वतःचं जन्मसाल माहीत नाही. आणि सासऱ्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली. त्यांना दाखवायचं का? घरात तो विषय कुणी काढत नाही.
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : आधी माझी कबुली. ठाण्यात शिकवत होते तेव्हा हाच प्रकल्प मी वर्षानुवर्षं दिलाय. छापील तक्ता असायचा : वडील, आजोबा, पणजोबा. बायकांना जागाच नाही, आणि मला ते खटकलंही नाही. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत शाळेचा दाखला निघाला, त्यावर नाव ‘कृष्णा’. आम्हाला ती जन्मभर सुशीला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि कृष्णा संपली. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते.

म्हणून शाळेचा तक्ता ठेवा बाजूला. मुलगी १, आईबाबा २, दोन्हीकडचे आजीआजोबा ४, त्यांचे आईवडील ८. पंधरा चौकटी झाल्या, तुमचं माहेरही आलं. बाईच्या चौकटीत माहेरचं नाव वर, सासरचं खाली.

सासूबाईंना साल विचारू नका, भूकंप विचारा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. पाटणकडच्या माणसाच्या घरात त्याची गोष्ट असतेच. तेव्हा तुम्ही कडेवर होता की पळत बाहेर आलात? पाठचा भाऊ झाला होता का? मग १९७२चा दुष्काळ : शाळेत जात होता का? अशा दोन खुंट्या मिळाल्या की मधलं साल सापडतं. ‘अंदाजे १९६३’ असं बिनधास्त लिहा.

पणजोबांबद्दल कुणी सांगणारं नसेल आणि गावी जमीन असेल, तर जुने फेरफार, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर गेली त्याच्या नोंदी, काढायला सांगा. माणूस गेला की वारसनोंद होते, त्यात मयताचं नाव आणि वारसांची नाती येतात. फार मागे गेलात तर मोडी लागेल; चौथीच्या प्रकल्पासाठी मोडी वाचणारा शोधत फिरू नका. नाही मिळालं तर चौकट रिकामी सोडा. माझ्या वर्गात एकाच्या पणजोबांच्या जागी नेटवरचा फेटेवाला म्हातारा चिकटवलेला होता. पुढच्याच वर्षी तोच म्हातारा दुसऱ्या मुलीचा पणजोबा होऊन आला!

फोटो नाही तिथे वस्तूचं चित्र काढू द्या. सासऱ्यांचा पोती ओढायचा हूक घरात असेल अजून. तो मुलीने बघून काढावा, तुम्ही नाही. पालकांच्या हातचे सुबक तक्ते बाईंना लांबूनच कळतात.

आता पहिल्या सासूबाई. घरात विषय निघत नाही म्हणता, पण पितृपक्षात अविधवा नवमीला तुमच्याकडे पान वाढतात का? नवरा हयात असताना गेलेल्या बाईची ती तिथी. वाढत असाल, तर ते पान कुणाच्या नावाचं, आणि त्यासाठी सकाळपासून रांधतं कोण? बहुतेक तुमच्या सासूबाईच. तसं असेल तर त्या बाईंना घरात जागा आहेच, तक्त्यावर सोळावी चौकट तेवढी काढायची : आजोबांच्या दुसऱ्या बाजूला, ‘मोठी आजी’ म्हणून.

मात्र सासूबाईंना न विचारता काढू नका, आणि त्या नको म्हणाल्या तर यंदा पंधराच. विचारायचंही तुम्ही नाही. रविवारी दुपारी त्या लसूण सोलायला बसल्या की मुलीला वही-पेन्सिल देऊन शेजारी बसवा : “आजी, मोठ्या आजीचं माहेरचं नाव काय होतं?” तुम्ही तेवढा वेळ गच्चीवर कपडे वाळत घालायला जा.